किलोमीटर ३०९: ऱ्हाइनवरचा माशांचा जिना आणि दोन देशांची एक काच

युरोपात राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी गाम्ब्सहाइमचं ‘पासाज ३०९’ मनापासून सुचवते. कृष्णा, पंचगंगा, भीमा यांच्या काठावर वाढलेल्यांनी तर वाट वाकडी करून जावं. स्ट्रासबुर्गच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर ऱ्हाइनवर एक जलविद्युत केंद्र आहे. नदीच्या पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला जर्मनी. धरणाच्या अंगाला माशांना वर चढण्यासाठी बांधलेला जिना आहे आणि त्या जिन्यातलं पाणी काचेतून पाहता येईल असं छोटं माहिती केंद्र आहे. तिकीट माफक, जागा लहान, झगमगाट नाही. काचेसमोर उभं राहिलं की मात्र दोन देशांनी, खरं तर सहा-सात देशांनी, शंभरहून जास्त वर्षं घातलेला घोळ आणि केलेलं काम समोर पोहत जातं.

मी सांगलीची. कार्ल्सरूहमध्ये नोकरीनिमित्त राहते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. यंदा जूनमध्ये इकडे आले होते. त्यांना राजवाडे, चर्च दाखवून झाले. चेहऱ्यावर जरा उजेड आला तो इथे. गाडी उभी केल्या केल्या ते धरणावरच्या रस्त्याच्या मधोमध जाऊन कठड्याला टेकले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “विसर्ग किती असतो गं हिला?” सरासरी सेकंदाला ११०० घनमीटरच्या आसपास, मी म्हटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे एकोणचाळीस हजार क्युसेक. बारा महिने?” हो, बारा महिने. नि जून-जुलैत आल्प्सचं बर्फ वितळतं तेव्हा जास्तच. एप्रिल-मेमध्ये उघडी पडलेली वाळू आणि ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली चढणारं पाणी पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे पचायला थोडा वेळ लागला.

आधी नावाबद्दल. ऱ्हाइनचे किलोमीटर कॉन्स्टन्सच्या जुन्या पुलापासून मोजतात. तिथे शून्य, आणि हुक व्हान हॉलंडला समुद्राशी १०३६. पूर्वी काठावरचं प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीपुरतं मोजत असे. १९३९ पासून ही एकसलग मोजणी आली. बोटीचा कप्तान डच असो की स्विस, ३०९ म्हटलं की त्याला हीच जागा कळते. बाबांना हे फार आवडलं. नदीवर भांडण नको असेल तर सगळ्यांची पट्टी एक हवी, हे त्यांचं जुनं म्हणणं आहे, आणि ऱ्हाइनची सगळी गोष्ट ऐकल्यावर मलाही ते पटतं.

आता जिना. धरणाच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक आहे. समुद्रातून आलेल्या माशाला एवढी उडी मारता येत नाही, कुठल्याच माशाला येत नाही. म्हणून काठाकाठाने सिमेंटच्या हौदांची रांग काढली आहे. एका हौदातून दुसऱ्यात जायला भिंतीत उभी फट; त्या फटीतून पाणी जोरात खाली येतं आणि मासा त्या धारेच्या विरुद्ध जोर लावून वरच्या हौदात शिरतो. प्रत्येक पायरी जेमतेम फूटभराची. हौदात कडेला पाणी संथ असतं, तिथे तो दम घेतो आणि पुढच्या फटीकडे वळतो. 

हे ऐकायला सोपं वाटतं. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती बाबांनी कोणी सांगायच्या आत ओळखली. “पण माशाला हे दार सापडतं कसं?” टर्बाइनमधून एवढं पाणी बाहेर पडतंय, नदीचा मुख्य जोर तिकडे, मासा जोराच्या दिशेने जाणार आणि टर्बाइनच्या तोंडाशी धडका देत बसणार. म्हणून जिन्याच्या दाराशी मुद्दाम जादा पाणी सोडतात. त्या धारेचा वेग असा ठेवावा लागतो की माशाला ती वेगळी जाणवली पाहिजे, पण त्याला ती चढता येऊ नये इतकी जोरकसही नको. जिना बांधणं हे गवंड्याचं काम. दाराशी धार सोडणं हे नदी कळलेल्या माणसाचं. बाबा त्या दाराशी पाणी बघत इतका वेळ उभे राहिले की माझा मुलगा कंटाळून काचेकडे पळाला. जाळीच्या पलीकडे पांढऱ्या फेसात एक निळसर पट्टा सरळ निघालेला दिसतो, आणि बाजूच्या टर्बाइनच्या भोवऱ्यात तो पन्नासेक पावलांवर विरतो. एवढ्याशा पट्ट्यासाठी किती डोकी खपली असतील!

काचेची खोली थंड आणि अंधारी असते. पाण्यामागे दिवा, काचेच्या कोपऱ्यात शेवाळं. सुरुवातीला नुसते बुडबुडे आणि तरंगत जाणारी पानं दिसतात आणि लहान मुलं लगेच “इथे काही नाही” म्हणायला लागतात. घाई करू नका. आम्ही उभे होतो तेव्हा आधी ब्रीम आले, ताटाएवढे चपटे, तिघं एकामागे एक. मग एक बार्बेल. हा आपल्या महाशीरच्या कुळातला, लांबट, तोंडाशी चार मिशा. तो फटीच्या तोंडाशी आला, धारेने मागे लोटला गेला, तळाशी जाऊन स्थिर राहिला. कल्ले उघडझाप करत होते, शेपूट जवळजवळ हलत नव्हती. मग अचानक अंग वळवून एका झटक्यात काचेच्या कडेने वर गेला. मुलाने टाळ्या वाजवल्या, बाबांनीही. थोड्या वेळाने तळाशी एक वाम सरपटत गेली. वामीला मात्र उलटा प्रवास असतो: ती अटलांटिकमध्ये, सार्गासो समुद्रात जन्मते, नदीत येऊन वाढते आणि अंडी घालायला परत समुद्रात जाते. सॅमनचं याच्या बरोबर विरुद्ध. जन्म नदीच्या वरच्या ओढ्यांत, जवानी समुद्रात, आणि अंडी घालायला परत आपल्याच ओढ्यात.

सॅमन आम्हाला दिसला नाही. तो हमखास दिसेल या आशेने जाऊ नका. इथे कॅमेऱ्याने माशांची नोंद ठेवतात, कुठल्या जातीचा किती वाजता गेला ती. आणि त्या नोंदीत हजारो ब्रीम, बार्बेल, नाझ यांच्यामागे सॅमन थोडेच असतात. पण हा जिना बांधला गेला तो मुख्यतः त्याच्याचसाठी.

का, ते सांगायचं तर मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइनमधून वर्षाला लाखांनी सॅमन पकडले जात. ते इतके ओरबाडले जाऊ लागले की १८८५ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड यांनी सॅमनसाठी करार केला: कुठे किती जाळी लावायची, कधी थांबायचं. माशासाठी देशांनी करार करावा हे तेव्हाही नवं नव्हतं. पण करार जाळ्यांचा होता. धरणांचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा विचार त्यात नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऱ्हाइनमधला सॅमन संपला. 

आणि धरणं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपासून इफेत्सहाइमपर्यंत नदीवर दहा केंद्रं आहेत. पहिलं केम्ब्स, १९३२ चं. गाम्ब्सहाइम १९७४ चं. शेवटचं इफेत्सहाइम १९७७ चं. इथल्या राजकारणाची मुळं पहिल्या महायुद्धात आहेत. व्हर्सायच्या १९१९ च्या तहातल्या ३५८ व्या कलमाने सीमेवरच्या ऱ्हाइनचं पाणी वळवायचा आणि त्यापासून वीज काढायचा हक्क फ्रान्सला मिळाला. हरलेल्या देशाला बोलायला जागा नव्हती. फ्रान्सने पाणी आपल्या बाजूच्या मोठ्या कालव्यात घेतलं, जर्मन बाजूच्या मूळ पात्रात थोडंच उरलं, भूजल खाली गेलं. वाटाघाटींनी हे हळूहळू बदललं आणि १९६९ च्या करारातून खालची दोन केंद्रं, गाम्ब्सहाइम आणि इफेत्सहाइम, भागीदारीत आली: वीज निम्मी निम्मी. ज्या केंद्रावर तुम्ही उभे असता ते एकाच्या विजयाचं नसून दोघांच्या हिशेबाचं आहे. १९१९ ते १९६९. मध्ये आणखी एक महायुद्ध. काठावरच्या गावांनी काय भोगलं असेल याचा विचार केला की ही निम्मी निम्मी वाटणी मला साधी गोष्ट वाटत नाही.

ऱ्हाइनच्या संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९५० चा, ११ जुलैचा, बाझेलमधला. युद्ध संपून पाच वर्षं झालेली. स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी, नेदरलँड्स. पुढे युरोपीय समुदायही आला. कचेरी कोब्लेन्झला, मोझेल ऱ्हाइनला मिळते तिथे. सुरुवातीला या आयोगाला कसलाही अधिकार नव्हता. त्यांनी केलं काय, तर पाणी मोजलं. पाचही देशांत एकाच पद्धतीने नमुने घ्यायचे, एकाच पद्धतीने तपासायचे, आकडे एकमेकांना द्यायचे. रीतसर करार व्हायला १९६३ उजाडलं. त्या तेरा वर्षांना काही अभ्यासक वाया गेलेला काळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. आकड्यावर दोघांची सही असेल तर पुढचं भांडण निदान खऱ्या गोष्टीवर होतं. आजही आयोग कुणाला शिक्षा करू शकत नाही. देश मंत्रिपातळीवर ठरवतात आणि घरी जाऊन करतात. एक प्रथा मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: सचिवालयाचा प्रमुख परंपरेने डच असतो. सगळ्यांत खालच्या अंगाला जो, ज्याच्या अंगणात सगळ्यांची घाण येऊन पडते, त्याच्या हातात टाचण. बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते.

मिठाची गोष्ट ही या भागात येणाऱ्याने माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण ती इथलीच, आल्सासची. मुलूझजवळ पोटॅशच्या खाणी होत्या. खत बनवताना उरलेलं मीठ टनांनी ऱ्हाइनमध्ये सोडलं जाई. फटका बसे तो थेट नेदरलँड्समध्ये, ग्रीनहाउसमध्ये फुलं-भाजी पिकवणाऱ्यांना आणि पिण्याच्या पाण्याला. १९७६ मध्ये बॉनला करार झाला: मीठ कमी करायचं, आणि त्याचा खर्च वाटून घ्यायचा. वाटणी अशी: नेदरलँड्स ३४ टक्के, जर्मनी ३० टक्के, फ्रान्स ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के. पुन्हा वाचा. ज्याचं नुकसान होतं त्याचा हिस्सा सगळ्यांत मोठा. 

“खालच्याने वरच्याला पैसे द्यायचे? घाण करू नकोस म्हणून?” बाबांचा आवाज चढला. आमच्याकडे हा वाद गाडीत कार्ल्सरूहपर्यंत चालला. माझं म्हणणं असं की हे न्यायाचं नव्हतं, आणि डच लोकांनाही ते न्यायाचं वाटत नव्हतं; तिथल्या बागाइतदारांनी फ्रेंच खाणीवर खटला भरला होता आणि १९७६ मध्येच युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नुकसान जिथे झालं त्या देशातही दावा लावता येतो. एकीकडे कोर्ट, दुसरीकडे वर्गणी. दोन्ही एकाच वेळी. बाबांचं म्हणणं, असा पायंडा पडला तर उद्या प्रत्येक वरचा हात पसरेल. यात त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. करारही सुरळीत गेला नाही: मीठ नदीऐवजी जमिनीखाली सोडायचं ठरलं, त्याला आल्सासच्या लोकांचा विरोध होता, फ्रान्सच्या मंजुरीला वर्षं गेली, करार अमलात आला १९८५ मध्ये. प्रश्न खरा मिटला तो २००२ मध्ये खाणी बंद झाल्यावर. पण एवढ्या कटकटीतही एकाही देशाने टेबल सोडलं नाही, आणि करार अमलात आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, हे टेबल लागणार होतं.

१ नोव्हेंबर १९८६. बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सॅन्डोझच्या रसायनांच्या गोदामाला रात्री आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये उतरलं. पाणी लाल झालं. खाली शेकडो किलोमीटर वामी मरून वर आल्या, अंदाजे दीड लाख. खालच्या देशांना इशारा पोहोचायला उशीर झाला आणि त्यावरून फार संताप उसळला. त्यानंतर जे झालं ते आधीच्या छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. काही आठवड्यांत मंत्री एकत्र बसले आणि १९८७ मध्ये ऱ्हाइन कृती कार्यक्रम ठरला. मुख्य घातक द्रव्यं १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायची. आणि एक उद्दिष्ट असं की जे कुठल्याही शाळकरी पोराला कळावं: २००० सालापर्यंत ऱ्हाइनमध्ये सॅमन परत आला पाहिजे.

सरकारी कागदावर मासा लिहिण्याचं हे धाडस मला फार मोठं वाटतं. मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं उद्दिष्ट हुकलं तर दहा तज्ज्ञांना कळतं. मासा आला नाही तर सगळ्यांना कळतं. आणि माशाला नुसतं स्वच्छ पाणी पुरत नाही; त्याला समुद्रापासून ओढ्यापर्यंत वाट लागते, म्हणजे मध्ये जो कोणी बसला असेल त्या प्रत्येक देशाला आपलं दार उघडावं लागतं. इफेत्सहाइमचा जिना २००० मध्ये झाला, गाम्ब्सहाइमचा २००६ मध्ये, स्ट्रासबुर्गचा २०१६ मध्ये, गेर्स्टहाइमचा २०१९ मध्ये. अगदी समुद्राशी, हारिंगव्हलीट या खाडीच्या तोंडावरच्या बंधाऱ्याची डच दारं २०१८ मध्ये किलकिली झाली. बाझेलखाली व्हाइल आम ऱ्हाइनला स्वित्झर्लंड आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मिळून १९९३ पासून पाण्यावर लक्ष ठेवणारं केंद्र चालवतात, आणि काही वावगं दिसलं की इशारा नदीबरोबर, शक्य तर नदीच्या आधी, खाली जातो. सुमारे तीन कोटी लोक या नदीचं पाणी पितात.

आता जे झालं नाही ते. गेर्स्टहाइमच्या वर ऱ्हिनाउ, मार्कोल्सहाइम आणि फोगेलग्रुन ही तीन धरणं आहेत. बाझेलपर्यंत माशांची वाट २०२० पर्यंत मोकळी करायचं मंत्र्यांनी ठरवलं होतं. ती मुदत हुकली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत अॅम्स्टरडॅमला ठरलेल्या २०४० पर्यंतच्या कार्यक्रमात तेच काम पुन्हा लिहावं लागलं. जिने महाग असतात, या भागात रचना अवघड आहे, हे खरं. पण १९८७ ची मुलं आज पन्नाशीला आली. ज्या काचेसमोर आम्ही टाळ्या वाजवल्या ती काच पार करून वर गेलेल्या माशाला पुढे भिंत लागते, हे मनात ठेवूनच इथून निघावं लागतं. या जागेला पूर्ण गुण देताना माझा हात थांबतो तो एवढ्यासाठी, आणि त्यात माहिती केंद्राचा काही दोष नाही.

बाबांना सगळ्यांत जास्त रस होता तो पुरात. धरणं आणि तटबंदी बांधताना नदीची पसरायची मैदानं गेली, पुराचा लोंढा खालच्या शहरांवर पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागला. १९८२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने यावर करार केला. पूर आला की ठरावीक जागी पाणी मुद्दाम आत घ्यायचं. फ्रान्सने आपल्या हद्दीत एरश्टाइन आणि मोडर इथे त्यासाठी जमीन दिली. त्याचा फायदा खालच्या जर्मन शहरांना होतो, माझ्या कार्ल्सरूहला होतो. आमच्या सांगलीत पावसाळ्यात लोक दोन आकडे बघून झोपतात: आयर्विन पुलाची पातळी, जिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, आणि अलमट्टीचा विसर्ग. २००५ आणि २०१९ ज्यांनी पाहिलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कृष्णा काही आंतरराष्ट्रीय नदी नाही. एकाच देशातली राज्यं, लवादही झाले, बच्छावत लवादाचा निवाडा १९७० च्या दशकातला. तो वाटणीचा निवाडा होता, किती टीएमसी कुणाचं याचा. पूर आल्यावर कोणाच्या शेतात पाणी घ्यायचं, आणि त्या शेतकऱ्याला त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न बाबा कठड्यावर हात आपटून विचारत होते. मला वाटतं तोच प्रश्न घेऊन आपल्याकडच्या अभियंत्यांनी आणि पूरग्रस्त संघटनांनी इथे यावं.

आणि माशांच्या बाबतीत गंगा आठवल्याशिवाय राहत नाही. हिलसाही समुद्रातून नदीत चढणारा. एके काळी तो अलाहाबादच्याही वर जात असे. बांगलादेशच्या सीमेजवळचा फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि वरचा हिलसा जवळजवळ संपला. भारत आणि बांगलादेशात १९९६ मध्ये तीस वर्षांचा करार झाला, जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांतलं फराक्क्याचं पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटून घेण्याचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ ची. नव्याने लिहिताना पाण्याच्या आकड्यांशेजारी एक मासाही लिहिला जावा, असं मला फार वाटतं. दोन्ही काठांवरच्या लोकांना हिलसा आपला वाटतो. असं दुसरं काय आहे त्या टेबलावर?

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गाडीने जर्मनीकडून येत असाल तर ए-५ महामार्गावर आखर्नला उतरून फ्रायश्टेटकडे वळा आणि धरणावरच्या रस्त्याने नदी ओलांडा. फ्रान्सकडून स्ट्रासबुर्ग–लाउटरबुर्ग मार्गावर गाम्ब्सहाइम स्टेशन आहे, पण तिथून नदी काही किलोमीटर दूर. सायकल असेल तर उत्तम, ऱ्हाइनच्या काठाने युरोपचा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग जातोच. उघडायच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आधी पाहून निघा. फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक भाषा येणारा कोणी बरोबर असेल तर फार फरक पडतो, आणि मार्गदर्शकाबरोबरची फेरी मिळत असेल तर तीच घ्या; काचेसमोर एकट्याने उभं राहून जिन्याची धार कशी काम करते ते कळणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे ठिकाण आवडतं. त्याहून लहानांना अंधारात धीर धरवत नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी चढउताराची चौकशी आधी करावी.

वसंतात नाझ आणि बार्बेलची गर्दी असते, माशांची संख्या पाहायची तर मे-जून बरा. सॅमनसाठी उन्हाळ्याचा आरंभ किंवा मग शरद ऋतू, ऑक्टोबर-नोव्हेंबर, नशीब लागतंच. शेजारी जहाजांची दोन मोठी लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे दारांचे हौद, आहेत, प्रत्येक २७० मीटर लांब. रेती, कंटेनर, तेल वाहणाऱ्या बोटी तिथे दहा मीटर चढतात-उतरतात. बोटींवर डच, जर्मन, स्विस झेंडे. या नदीवर जहाज वाहतुकीची मोकळीक १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ठरली आणि त्यासाठीचा आयोग आजही स्ट्रासबुर्गला चालतो. बोटींना वाट आधी मिळाली, माशांना पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी. त्या लॉकच्या कठड्याशी अर्धा तास राखून ठेवा. सीमा ओलांडायला दार नाही, चौकी नाही, पण जर्मनीत शिरताना अधूनमधून तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट किंवा रहिवासाचं कार्ड सगळ्यांचं बरोबर घ्या, पाहुण्यांचंही.